मार्फत

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी शिक्षण खात्याला जी पत्रं लिहिली, त्यांतलं जवळजवळ एकही थेट गेलं नाही. ‘प्रति, मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद’ असं लिहून झालं की खाली ‘मार्फत, मा. मुख्याध्यापक’ ही ओळ यायचीच. वरिष्ठ श्रेणीचा प्रस्ताव, भविष्य निर्वाह निधीतून काढायची रक्कम, प्रसूती रजा, सगळं मार्फत. हाताला इतकी सवय लागली होती, की एकदा धाकट्या दिरांना पत्र लिहितानाही पत्त्याखाली ‘मार्फत’ लिहून बसले आणि पुढे कुणाचं नाव घालावं ते सुचेना.

यातली सोय मला कळते. वरच्या कचेरीला शाळेचंही म्हणणं समजलं पाहिजे, कागदाची नोंद राहिली पाहिजे. अर्ज असेल तर ठीकच आहे. पण तक्रार असेल तर? आणि तीही ज्यांच्या मर्जीवर मुख्याध्यापक खुर्चीत टिकून आहेत त्यांच्याबद्दलच असेल तर?

मी १९८७च्या जूनमध्ये लागले. तालुक्याचं गाव, शंभर टक्के अनुदानित हायस्कूल, विषय गणित. मुलाखत अध्यक्षांच्या वाड्यावर झाली. त्यांना सगळा तालुका अण्णा म्हणायचा. गणितावर एकही प्रश्न आला नाही. वडील कुठल्या गावचे, ते सोसायटीच्या निवडणुकीत कुणाच्या बाजूचे, एवढं विचारून झालं आणि चहा आला. मग दिवाणजींनी दोन कोरे कागद पुढे सरकवले. “खाली सही करा बाई. तारीख नका घालू.”

मी केली. ती कशासाठी, हे विचारण्याइतकी मी अजाण नव्हते आणि न करण्याइतकी धीटही नव्हते. माझ्याआधी लागलेल्या सगळ्यांनी केली होती. त्या कागदांवर वरच्या भागात हवा तेव्हा राजीनामा उमटणार होता.

गंमत म्हणजे कायद्याला हे ठाऊक होतं. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम १९७७चा, नियमावली १९८१ची. स्टाफरूममध्ये त्याला नुसतं ‘सेवाशर्ती’ म्हणतात. त्यातलं सातवं कलम राजीनाम्याचं आहे. कर्मचाऱ्याने राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही करावी, तारीख घालावी, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. शाळेच्या कार्यालयात चार पावलं चालत जाऊन देता येईल असा कागद पोस्टातून का पाठवायचा? मग दिवाणजींचे कोरे कागद आठवले. कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असेच कुणाचे तरी वाडे असणार. (२०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, तेव्हा पेपरांत लोकांनी जुन्या पत्रांच्या आठवणी काढल्या. मला हे सातवं कलम आठवलं.)

अनुदानित शाळेची रचनाच मोठी चमत्कारिक. पगार सरकारी तिजोरीतून, नेमणूक संस्थेच्या हातून. पैसा एकाचा, उपकार दुसऱ्याचा. शिक्षकाच्या मनात मात्र आयुष्यभर घर करून राहतो तो उपकारच. “अण्णांनी आपल्याला भाकरी दिली” हे वाक्य मी द्विपदवीधर माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. भाकरी महाराष्ट्रातल्या करदात्याने दिलेली असायची, पण करदात्याचा वाढदिवस कुणाला माहीत नसतो.

‘संस्थाचालक’ हा शब्दही असाच बघता बघता रुळला. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं तेव्हा शाळा काढणारे आणि शाळेत शिकवणारे तेच होते. चार वर्षांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली तीही आजीव सभासदांची, म्हणजे शिकवणाऱ्यांची. तिथेही भांडणं झालीच. पगारवाढ घ्यावी का, सभासदांनी बाहेरची कामं करावीत का, यावरून वर्षानुवर्षं वाद पेटत राहिले आणि १८९० साली लोकमान्य टिळकांनी राजीनामा दिला. तेही तिथे गणितच शिकवायचे. त्यांचा राजीनामा चांगला लांबलचक आणि मुद्देसूद आहे. मला हेवा वाटतो तो त्याच्या लांबीचा नाही. ते आपल्या बरोबरीच्या माणसांशी भांडत होते, याचा. कुणाच्या मार्फत नाही.

असो. माझी गोष्ट इतकी थोर नाही. माझी गोष्ट एका कमानीची आणि एका संडासाची.

१९९६च्या दिवाळीनंतर संस्थेने ठरवलं, की अण्णांच्या वडिलांच्या नावाने शाळेला दगडी कमान बांधायची. प्रत्येक शिक्षकाने एक महिन्याचा पगार द्यायचा, दहा हप्त्यांत. कागदावर त्याचं नाव ‘स्वेच्छा देणगी’. संमतिपत्रं टंकलिखित होऊन आली होती. स्वेच्छेचा मजकूर तयार, फक्त नाव आणि सही टाकायची. पैसे थेट पगारपत्रकातून कापता येणार नव्हते, म्हणून सेवकांच्या पतसंस्थेतून प्रत्येकाच्या नावे तेवढ्या रकमेचं कर्ज टाकायचं आणि त्याचा हप्ता कापायचा, अशी शक्कल निघाली. हिशेब चोख. मुलांना चक्रवाढ व्याजाचं उदाहरण म्हणून देता आलं असतं.

त्याच शाळेत मुलींसाठी दोन संडास होते. त्यातल्या एकाला दार नव्हतं आणि दुसऱ्याला पाणी. मधल्या सुट्टीत मुली चार-चार जणी मिळून मागच्या बाभळींकडे जायच्या, एक पहाऱ्याला. आठवीपासून पुढच्या कित्येक मुली महिन्यातले चार दिवस शाळेतच यायच्या नाहीत. हजेरी घेताना मला ते दिसायचं. गणिताच्या तासाला चार दिवस बुडाले की पुढचा धडा हातातून जातो. मी दरवर्षी मुख्याध्यापकांना तोंडी सांगायचे. ते भले गृहस्थ होते. “बघू बाई, फंड आला की,” म्हणायचे. आणि आता फंड आला होता.

मी संमतिपत्रावर सही केली नाही. यात शौर्य होतं असं मला आजही वाटत नाही. त्या वर्षी घराचा हप्ता चालू होता आणि मी खरोखर चिडले होते. पण सही न करण्यावर थांबले असते तर कदाचित चाललं असतं. दोघा-तिघांनी आजारपणाची सबब सांगून पुढे ढकललं होतं, ते कुणी मनावर घेतलं नाही. मी पत्र लिहिलं. प्रति, शिक्षणाधिकारी. मार्फत, मुख्याध्यापक. विषय : मुलींच्या स्वच्छतागृहाबाबत आणि कर्मचाऱ्यांकडून सक्तीने घेण्यात येणाऱ्या रकमेबाबत. पत्रात लिहिलं, की शाळेत २३१ मुली असून त्यांना वापरता येईल असं एकही स्वच्छतागृह नाही.

पत्र कार्यालयात दिलं आणि नऊ दिवस त्याला जावक क्रमांकच पडला नाही. रोज विचारायचे, रोज “साहेब सहीला घेणार आहेत” असं उत्तर. दहाव्या दिवशी शिपाईमामा स्टाफरूममध्ये घंटेची वेळ विचारायला आल्यासारखे आले आणि माझ्या वहीवर एक चिठ्ठी ठेवून गेले. तिच्यावर जावक क्रमांक होता. मामांनी रजिस्टर कसं मिळवलं, कुणाची नजर चुकवली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी मेमो आला. मग कारणे दाखवा नोटीस. मग दोषारोपपत्र. मुख्य आरोप : शासनाला खोटी माहिती देऊन संस्थेची बदनामी करणे. कारण पत्राच्या तारखेला शाळेच्या पटावर मुली होत्या २१२. मी लिहिल्या २३१.

आकडा माझाच चुकला होता. मी जूनचा पट धरला होता आणि पत्र जानेवारीतलं होतं. दुसऱ्या कुणाचा चुकला असता तर इतकं हसं झालं नसतं; गणिताच्या बाईंचा चुकला. कुजबुज सुरू झाली. माझ्या बाजूचे म्हणवणारेही म्हणू लागले, “मुद्दा बरोबर आहे हो, पण आकडा तपासायला नको होता का?” संडासाला दार नाही हे एका रात्रीत सगळ्यांच्या विस्मरणात गेलं. शिल्लक राहिले १९.

संघटनेच्या एका जुन्या कार्यकर्त्याने पहिला सल्ला दिला तो कोऱ्या कागदांबद्दल. “आज संध्याकाळच्या आत संस्थेला रजिस्टर पत्र टाका. माझ्या सहीचा कुठलाही कोरा कागद तुमच्याकडे असल्यास तो ग्राह्य धरू नये, राजीनामा देण्याचा माझा इरादा नाही.” मी टाकलं. पोस्टातल्या बाई ओळखीच्या होत्या. त्यांनी पाकिटावरचा पत्ता वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि पावती देताना शिक्का जरा जास्तच जोरात मारला.

चौकशी समितीची तरतूद नियमावलीत आहे आणि ती वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की हे लिहिणाऱ्याने शाळा आतून पाहिली असावी. तीन सभासद. एक व्यवस्थापनाचा. एक, ज्याच्यावर आरोप आहे त्याने निवडलेला, कुठल्याही खासगी शाळेतला कर्मचारी. आणि तिसरा, राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला. कागदावर झकास. माझ्या बाजूने बसायला तालुक्यातून कुणी तयार होईना. सात जणांना विचारलं. एकाच्या मुलाची नेमणूक अडकलेली, एकाचा भाऊ अण्णांच्या सोसायटीत सचिव, एकाला ऐन वेळी पाठदुखी. शेवटी शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेचे पीटीचे सर एसटीने आले. आयुष्यात त्यांना कायद्याचं पुस्तक उघडायची वेळ आली नव्हती. ते आले, सरळ पाठीने खुर्चीत बसले आणि दोन्ही दिवस तसेच बसून राहिले. मला तेवढंही पुष्कळ होतं.

तिसऱ्या सभासद एक निवृत्तीला आलेल्या बाई होत्या. राज्य पुरस्काराचं वगैरे काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. पहिला दिवस त्या काही बोलल्याच नाहीत. व्यवस्थापनाचे प्रतिनिधी १९चा आकडा चौथ्यांदा वाचून दाखवू लागले तेव्हा त्यांनी विचारलं, “ह्या एकोणीस कुठल्या?”

कुणाला प्रश्न कळला नाही.

“जूनमध्ये २३१ होत्या म्हणता. जानेवारीत २१२. मग ह्या एकोणीस जणी कुठं गेल्या? जनरल रजिस्टर आणा.”

रजिस्टर आलं. त्यात शाळा सोडल्याचं कारण लिहायचा रकाना असतो. बाईंनी बोट ठेवून एकेक नाव वाचलं. दोघींच्या वडिलांची बदली. चौघींसमोर ‘दुसऱ्या शाळेत’. तिघींसमोर काहीच नाही. बाकी दहा नावांपुढे एकाच अक्षरात, एकाच शाईने : सतत गैरहजर. सतत गैरहजर. सतत गैरहजर. त्या दहांपैकी आठ नावं आठवी-नववीची होती. मी त्यांना शिकवलं होतं आणि त्या कधी यायच्या थांबल्या ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. हे मला त्या खोलीत सगळ्यांसमोर कळलं.

संडास नव्हता म्हणून त्या गेल्या असं मी म्हणणार नाही. कुणाचं लग्न ठरलं असेल, कुणी ऊसतोडीला गेली असेल. समितीनेही तसं काही लिहिलं नाही. एवढंच झालं, की त्यानंतर १९ हा आकडा त्या बैठकीत पुन्हा कुणी उच्चारला नाही.

अगदी अलीकडे, निवृत्तीनंतर, मला अमेरिकेतला एक खटला वाचायला मिळाला आणि मी दुपारच्या झोपेतून दचकून उठावं तशी सरळ बसले. इलिनॉय राज्यात मार्विन पिकरिंग नावाचे हायस्कूलचे शिक्षक होते. १९६४ साली त्यांनी गावच्या पेपरात पत्र लिहिलं, की शाळा मंडळ कर्जाचा पैसा कसा वापरतं पाहा, खेळांवर उधळपट्टी आणि शिक्षणाला हात आखडता. मंडळाने त्यांना काढून टाकलं. पत्रातली काही विधानं चुकीची होती, हे खरंच होतं. त्यांचेही आकडे चुकले होते! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६८ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा : शाळेचा पैसा कसा खर्च व्हावा याबद्दल गावात सगळ्यांत जाणतं मत कुणाचं असेल तर ते शिक्षकांचं, त्यांना ते भीतीविना मांडता आलं पाहिजे, आणि जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटं लिहिलेलं नसेल, तर सार्वजनिक प्रश्नावर बोलल्याबद्दल नोकरी काढून घेता येत नाही.

तिथलं संविधान वेगळं, इथलं वेगळं, हे मला समजतं. तो निकाल मला १९९७ साली सापडला असता तरी अण्णांच्या वाड्यावर त्याचा काही उपयोग नव्हता. पण चुकलेला आकडा घेऊन मी एकटीच नव्हते, एवढं तेव्हा कळायला हवं होतं.

माझ्या प्रकरणाचा शेवट नेहमीसारखाच मिळमिळीत झाला. सेवेतून काढण्याइतका दोष नाही, असं समितीतल्या दोघांनी लिहिलं. संस्थेने ताकीद दिली, एक वेतनवाढ वर्षभरासाठी रोखली आणि जूनमध्ये प्रशासकीय कारणास्तव माझी बदली केली, संस्थेच्या ४० किलोमीटरवरच्या शाखेत. शाळा न्यायाधिकरणात तीस दिवसांत अपील करता येतं हे सगळ्यांनी सांगितलं. कशाविरुद्ध करता येतं आणि कशाविरुद्ध नाही, याबद्दल मात्र प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. मी गेले नाही. मुलगी तिसरीत होती, सासूबाई अंथरुणावर होत्या. पहाटेची सहाची एसटी धरायला लागले. कमान उभी राहिली. तिच्यावर अक्षरं रंगवायचं काम चित्रकलेच्या सरांना दिलं होतं. त्यांनीही हप्ता भरला होता. वर फुकट रंगवली. फार सुंदर अक्षर होतं त्यांचं. तीनेक वर्षांनी मुलींचे संडासही झाले, कुठल्याशा सरकारी निधीतून. त्यावर अण्णांच्या नावाची संगमरवरी पाटी लागली.

लोकांना वाटतं शिक्षक बोलत नाहीत. शिक्षक पुष्कळ बोलतात. १९७७च्या डिसेंबरात सुरू झालेला ५४ दिवसांचा संप माझ्या वडिलांच्या पिढीने पाहिला. जुन्या पेन्शनसाठी २०२३ मध्ये संप झाला. अनुदानाच्या वाढीव टप्प्यासाठी २०२५च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, अंशतः अनुदानित शाळांतले शिक्षक आझाद मैदानावर बसले होते. सरकारविरुद्ध आम्ही हजारोंनी बोलतो आणि ते बोलणं मनापासून असतं. विधान परिषदेत आमचे सात शिक्षक आमदार आहेत, तेही बोलतात. मात्र मोर्चाला जाताना अनुदानाच्या प्रश्नावर संस्थाचालक स्वतः गाडी करून देतो, हेही मी पाहिलं आहे. अनुदान आलं तर त्याचीही शाळा टिकते. मुख्यमंत्र्यांच्या नावाने घोषणा देऊन घसा बसलेला आमचा गडी, दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या वाढदिवसाला हार घेऊन रांगेत पहिला. यात मला ढोंग वाटत नाही. मुख्यमंत्री मुंबईत असतात. अध्यक्ष रोज सकाळी दुधाच्या डेअरीवर भेटतात.

इथे थांबले असते तर मी या गोष्टीत बरी दिसले असते.

२०१८ साली सेवाज्येष्ठतेने शाखेचा मुख्याध्यापकपदाचा कार्यभार माझ्याकडे आला. अण्णा गेले होते. आता त्यांचे पुतणे. तेही मला ‘बाई’ म्हणत, वाकून नमस्कार करत. जुन्या गोष्टी कुणी काढत नव्हतं आणि मला ते आवडत होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात विज्ञान शिकवणारी एक तरुण शिक्षिका माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. हातात पत्र. प्रति, शिक्षणाधिकारी. मार्फत, मुख्याध्यापक. प्रयोगशाळेच्या साहित्याची बिलं लागली होती, साहित्य आलं नव्हतं, आणि साठा नोंदवहीवर तिने सही करावी म्हणून तिच्यावर दबाव होता.

मी पत्र वाचलं. म्हणजे पहिला परिच्छेद वाचला आणि पुढचं सगळं मला कळलं. “ठेव,” म्हटलं. “बघते.”

पत्र खणात ठेवलं. पहिल्या दिवशी म्हटलं, पुतण्यांशी एकदा बोलावं, समजुतीने मिटेल. दुसऱ्या दिवशी ते गावात नव्हते. तिसऱ्या दिवशी लेखनिकाने विचारलं, “बाई, जावक घालू का?” मी म्हटलं, उद्या. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. कार्यभार होता, पूर्ण मान्यता यायची होती आणि तो प्रस्तावही मार्फतच जाणार होता. चौथ्या दिवशी ती वऱ्हांड्यात समोरून आली. “नमस्कार बाई,” म्हणाली आणि पत्राबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्या रात्री मला शिपाईमामांची चिठ्ठी आठवत राहिली, तिचा चतकोर कागद, त्यावरचं वाकडं अक्षर.

पाचव्या दिवशी सकाळी मी पत्र काढलं, सही केली, शिक्का मारला, स्वतः जावक क्रमांक घातला. पाकिटात घालायला घडी करताना पानाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात दोन ओळी दिसल्या. अक्षर बारीक पण स्वच्छ. ‘आगाऊ प्रत सविनय सादर : मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक)’. खाली तारीख होती. तिने पत्र माझ्या हातात दिलं त्याच्या आदल्या दिवसाची.